कायद्याचे दोन पेपर

अमरावती, ३ ऑगस्ट २०२५

दादा,

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम प्राजक्ताकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर पाहिलं असतंस तर पाकीट न उघडताच कुठेतरी टाकून दिलं असतंस. प्राजक्ता म्हणजे माझी रूममेट, मोर्शीची आहे, आम्ही दोघी एकाच क्लासला जातो. मार्चपासून तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस. दर रविवारी आईशी बोलतोस आणि तिनं माझं नाव काढलं की तुझ्याकडचं नेटवर्क जातं. म्हणून म्हटलं, पोस्टानं जाऊन पाहू. पोस्टातल्या बाईंनी लेस्टर हे नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, "कोन राह्यते तिकडे?" मी सांगितलं, भाऊ राहतो. त्या म्हणाल्या, मग राखीचं असन. मी हो म्हटलं. राखी खरंच घातलीय, पाहा नीट, घडीत अडकली असेल.

घाबरू नकोस, लग्नाबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. मला फक्त परीक्षेबद्दल बोलायचंय, आणि त्याबद्दल बोलावं असं घरात तुझ्याशिवाय कोणी नाही. आईला मी एकदा सगळं समजावून सांगितलं. तिनं मेथी निवडता निवडता शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "पास झाली का नापास, येवढं सांगत जाय."

तर पास झाले. पहिले तिन्ही पेपर सुटले. ज्या एसीसीएच्या, इंग्लंडच्या त्या अकाउंटन्सीच्या परीक्षेच्या, जोरावर तू तिकडे गेलास, त्याच परीक्षेच्या तीन पायऱ्या मी आता चढलेय. सकाळी जीएसटीवाल्या साहेबांच्या ऑफिसात काम, संध्याकाळी क्लास. आता चौथा पेपर कायद्याचा, आणि इथेच माझी गंमत झालीय.

तुझ्या वेळी तू विचारही केला नसशील. कायद्याचा हा पेपर दोन तऱ्हेनं देता येतो. एक इंग्लंडच्या कायद्याचा, दुसरा ग्लोबल. बुकिंग करताना दोनांतला एक निवडायचा. तू इंग्लंडचा दिलास, आणि तुझं पुस्तक माझ्याकडे आहे. बाटलीत गोगलगाय निघालेल्या त्या बाईच्या खटल्याशेजारी तू पेन्सिलीनं लिहिलंयस, "हे पाठच कर, येतंच." कोणाला सांगत होतास? स्वतःलाच ना? वाचताना वाटतं मलाच सांगतोयस.

मी इंग्लंडचाच घेणार होते. तसंच ठरलं होतं आपलं, मी तिकडे येईन, तुझ्या ऑफिसात लागेन. पण गेल्या आठवड्यात क्लासच्या कपाटात ग्लोबलचं पुस्तक दिसलं आणि नुसतं चाळावं म्हणून उघडलं. त्यात एक व्यापारी एका देशात, दुसरा दुसऱ्या देशात, आणि माल मध्ये समुद्रावर. वाटेत माल खराब झाला तर कोणी सोसायचं? जबाबदारी नेमक्या कोणत्या जागी एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाते? दादा, मला वाटलं मी कायदा नाही, आपल्या ओसरीवरचं बोलणं वाचतेय. आठवतं, दिल्लीला गेलेल्या ट्रकमधली संत्री वाटेत नरम पडली की बाबा आणि व्यापारी किती वेळ वाद घालायचे? मी उभ्या उभ्या अख्खा धडा वाचला. क्लासच्या शिपायाला कुलूप लावायचं होतं, तो दारात किल्ली वाजवत उभा होता.

पण ग्लोबल घेतला तर एक दार बंद होतं. इंग्लंडात पुढे ऑडिटवर सही करायचा हक्क हवा असेल तर तिथलाच कायदा आणि तिथलाच कर लागतो. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून विचारतेय, काय घेऊ?

हर्षा


परतवाडा, २४ ऑगस्ट

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं हे मला पोस्टाच्या ट्रॅकिंगवर दिसलं, सही कोणाची ते दिसलं नाही. तूच घेतलं असं धरून चालते.

माझं ठरलं. इंग्लंडचा.

कसं ठरलं ते सांगते. मी नितेश सरांना विचारलं. आमचे हे सर मुंबईतली चांगली नोकरी सोडून अमरावतीला आले, कारण त्यांना इथेच राहायचंय. गाव सोडून जा असं ते कोणाला सांगत नाहीत. तरी ते म्हणाले, दार उघडं ठेव. वापरायचं की नाही ते नंतर पाहता येईल, बंद करून ठेवलं तर तेवढंही उरत नाही. मी म्हटलं, सर, पण ग्लोबलमध्ये मन लागतंय. तर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. देशोदेशींच्या माल-विक्रीचा जो मोठा करार त्या पुस्तकात शिकवतात, त्यावर आपल्या देशानं अजून सहीच केलेली नाही. म्हणजे मी जे आवडीनं वाचते ते इथे लागूच नाही. सरांनी हे वाईट वाटून सांगितलं, टोचून नाही.

आणि अजून एक. मी स्वतःला विचारून पाहिलं की मला ग्लोबल खरंच आवडतो की इंग्लंड नको झालंय? तिथे एक माणूस राहतो ज्याचं नाव मला या पत्रांत घ्यायचं नाही. त्याच्या रागापायी मी एक अख्खा देश टाकून देत असेन, तर तो मूर्खपणाच. रागानं घेतलेला पेपर मला द्यायचा नाही. म्हणून इंग्लंडचा.

आता घरचं. तुला आई सांगतेच, पण ती सगळं उलटं सांगते म्हणून मी सांगते. सहदेवकाका आठवतात ना, कालव्यापलीकडच्या बागेचे? त्यांनी संत्रेवाल्यांची एक कंपनी काढलीय, खरीखुरी, नोंदणी केलेली. बाबा तिच्यात संचालक आहेत. आई त्यांना आता "संचालक, जेवायले चला" म्हणते आणि बाबा ऐकू न आल्यासारखं करतात, पण खूश असतात. यंदाचा आंबिया बहार चांगला आहे, झाडं वाकलीत. आणि हा माल पहिल्यांदाच दुबईला जाणार आहे. आपली संत्री जहाजात बसणार. अकोल्याचे एक निर्यातदार आहेत, त्यांच्यामार्फत. करार पुढच्या महिन्यात होईल. सगळे कागद इंग्रजीत आहेत म्हणून बाबा काल मला म्हणाले, "तुले येते ना इंग्रजी. चाल अकोल्याले. वाचून दे आमाले."

तुझ्या खोलीत बसून लिहितेय. तुझ्या खाटेवर आता फवारणीचं सामान असतं. खिडकी उघडी आहे आणि बाहेर बाबा अन् काका दुबईत किती ऊन पडत असेल यावर बोलतायत. दोघंही कधी गेले नाहीत, पण मतं पक्की आहेत.

हर्षा


अमरावती, १३ सप्टेंबर

दादा,

घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस. काल अकोल्याला जाऊन आलो. सगळं सांगते, क्रमानं सांगायचा प्रयत्न करते.

सहदेवकाकांच्या जीपनं गेलो, अंजनगाव, अकोट करत. काका, बाबा, अजून दोन संचालक आणि मी. कोणी कधी परदेशाशी करार केलेला नाही. काकांनी नवी टोपी घातली होती आणि ती सारखी काढून बघत होते.

निर्यातदारांचं ऑफिस साधंच. मालक मुंबईला होते, त्यांच्या वतीनं गोवर्धनभाऊ म्हणून गृहस्थ बसले होते. भला माणूस. त्यांनी सगळ्यांना पोहे दिले, भाव सांगितला, भाव ऐकून बाकीच्यांचे चेहरे खुलले, आणि सह्यांसाठी कागद पुढे केले. बाबांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी वाचायला लागले. आधी भरभर वाचलं, मग पुन्हा पहिल्या पानावर आले.

पहिल्या पानावर भावाच्या पुढे तीन अक्षरं होती, एफओबी. दादा, ती मी त्या कपाटातल्या पुस्तकात वाचली होती. माल न्हावाशेवाला जहाजावर चढला की विकणाऱ्याची जोखीम संपली, पुढचं घेणाऱ्याचं, असा त्यांचा अर्थ. छान. पण नवव्या कलमात बारीक अक्षरात लिहिलं होतं की माल दुबईच्या गोदामात उघडून तपासला जाईल आणि जो पसंत पडणार नाही तो विकणाऱ्याच्या जोखमीवर राहील. किती दिवसांत तपासायचा, तेही लिहिलेलं नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटत होतं की माझंच चुकलं असेल. तरी बोलले.

"पहिल्या पानावर लिहिलंय, जहाजावर माल चढला का आपली जबाबदारी संपली. नवव्या कलमात लिहिलंय, दुबईत पेटी उघडून पाहीपर्यंत ती आपलीच. दोन्ही एकाच वेळी खरं कसं होईन?"

गोवर्धनभाऊ म्हणाले, हा छापील मसुदा आहे, सगळ्यांना हाच असतो. मग त्यांनी चष्मा लावून नववं कलम वाचलं. परत वाचलं. आणि अगदी सरळपणे म्हणाले, "खरं सांगतो ताई, हे कलम मी आजवर वाचलंच नव्हतं."

त्यांनी लगेच मालकांना फोन लावला आणि माझ्याकडे दिला. माझ्याकडे, दादा. पलीकडचा माणूस घाईत होता, पण ऐकत होता. मी सांगितलं की ही तीन अक्षरं ठेवायची असतील तर नववं कलम त्यांच्याशी जुळतं करा. तपासणी इथेच पॅकिंगच्या शेडमध्ये व्हावी, दोघांना मान्य अशा तिसऱ्या माणसाकडून. आणि दुबईला पोचल्यावर काही तक्रार असेल तर ठरलेल्या दिवसांत फोटोसकट कळवायची, त्यानंतर नाही. तो म्हणाला, दुबईवाल्याला विचारतो. आम्ही चहा पीत बसलो. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, मी यांचा सौदा मोडला. हे सगळे मला घेऊन त्याच जीपमधून परत जाणार आहेत.

फोन आला. तपासणी शेडमध्ये, मान्य. तक्रारीचे दिवस आम्ही मागितले त्यापेक्षा थोडे वाढवून, तेही मान्य. नवा कागद छापून आला तेव्हा नवव्या कलमात माझं वाक्य होतं. माझं इंग्रजी थोडं सुधारून, पण माझंच.

नितेश सरांचं म्हणणं खोटं नव्हतं, तो मोठा करार आपल्याकडे लागू नाहीच. पण ती तीन अक्षरं दोन माणसांनी कागदावर लिहिली की त्यांना लागू होतात. सही करणाऱ्याला नुसती वाचता आली पाहिजेत. हे मी सरांना आज सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, मग मला का विचारतेस?

परत येताना सगळे एकदम बोलत होते. अकोट मागे पडल्यावर बाबांनी विचारलं, "हे तुह्या परीक्षेत असते काय?"

मी म्हटलं, "एका पेपरात असते. दुसऱ्यात नसते."

"आन् तू कोनता देऊन राहिली?"

"ज्यात नसते तो."

बाबांनी बाहेर पाहिलं. म्हणाले, "काहून?"

का, ते कालपर्यंत मला पक्कं ठाऊक होतं, दादा.

अजून एक झालं. सह्या चालू असताना मी अकोल्यातच गांधी रोडला जाऊन आले, आईनं ब्लाउजपीस सांगितले होते. दुकानात सत्यभामाबाई भेटल्या. चंदनची आई. बघ, नाव घेतलंच मी. आमचं काय बोलणं झालं ते आज लिहीत नाही. आजचं पत्र मला असंच आनंदात संपवू दे.

हर्षा


अमरावती, ४ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

सत्यभामाबाईंनी मला दुकानात ओळखलं आणि मी नजर चुकवायच्या आत माझा हात धरला. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "तुह्यावर राग नाही वं माह्या. पोरीचं मन कोनं पाह्यलं. पन अमरावतीत तुहं कोनी होतं, तर साखरपुड्याच्या आधी सांगायले पायजे होतं."

मला कळेचना त्या काय म्हणतायत. मग कळलं. चंदननं घरी हे सांगितलंय की माझं अमरावतीत कोणाशी तरी आहे, म्हणून मी लग्न मोडलं. आणि घरी हे सांगितलं, तर लेस्टरला तुझ्या शेजारच्या टेबलावर बसून तुलाही हेच सांगितलं असणार. त्या क्षणी मला मार्चपासूनचं सगळं समजलं. तू रागावला होतास ते लग्न मोडल्याबद्दल नव्हतं. मी तुझ्यापासून माणूस लपवला असं तुला वाटत होतं.

माझं कोणी नाही, दादा. नव्हतं. मी त्यांना तेवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग काहून मोडलं?" मी म्हटलं, हे तुम्ही त्यालाच विचारा. त्यांनी माझा हात सोडला नाही.

आता तुला सांगते. तू मला विचारलंच नाहीस आणि मीही सांगितलं नाही. माझ्याकडे त्याला कारण होतं, तेही सांगते.

जानेवारीत तू म्हणालास की चंदनला माझ्या परीक्षेच्या अकाउंटचा पासवर्ड देऊन ठेव. तो बुकिंग वगैरे बघेल, त्याला सगळं माहीत आहे. मी दिला. तेव्हा मी आधी कायद्याचाच पेपर देणार होते, इंग्लंडचा, फेब्रुवारीतला बुक झाला होता. मी अभ्यास पक्का केला होता, तुझं पुस्तक दोनदा वाचून. परीक्षेच्या आठवडाभर आधी सेंटरला फोन केला, वेळ विचारायला. तिथली मुलगी म्हणाली, तुमचं बुकिंग रद्द आहे. मला वाटलं, काही चूक झाली. मी चंदनला फोन केला, घाबरून, मदतीसाठी.

तो शांतपणे म्हणाला, "मीच रद्द केलं. लग्न तोंडावर आलंय, तुला वेळ कुठे आहे. आणि इकडे आल्यावर तुला परीक्षेची गरज काय?"

मी विचारलं, दादाला माहीत आहे का? तर म्हणाला, त्याला तूच सांग, की तुला झेपत नाही म्हणून तू सोडतेयस. माझं नाव घेऊ नको, आम्हाला एका ऑफिसात बसायचं असतं.

बुकिंग रद्द झालं याचं मला तितकं वाटलं नाही. पेपर पुन्हा देता येतो. पण मला झेपत नाही हे मी माझ्या तोंडानं तुला सांगायचं, हे मला जमणार नव्हतं. कधीच. मी त्याच फोनवर सांगितलं की लग्न होणार नाही.

आता कारण. पासवर्ड दे असं तू सांगितलं होतंस. मी तुला खरं सांगितलं असतं तर तू आधी त्याच्यावर चिडला असतास आणि मग जन्मभर स्वतःवर. नवा देश, एकच मित्र, तोही तसला, आणि तू एकटा. मी म्हटलं, माझ्यावर चिडू दे, मी जवळची आहे, मला चालेल. मला वाटलं पंधरा दिवस चिडशील. तू मार्च ते ऑक्टोबर चिडलास. मी तुझी चिकाटी कमी धरली होती.

यात तुझा काही दोष नाही. तू विश्वास ठेवलास, मीही ठेवला होता.

आई-बाबांना मी काही सांगितलेलं नाही. तू सांगायचं तर सांग.

आणि आता पेपर. बाबांच्या त्या "काहून"वर मी दोन आठवडे विचार केला. मी डोळे मिटून असं समजून पाहिलं की चंदन इंग्लंडात नाहीच. तुझ्या ऑफिसात माझ्यासाठी खुर्ची रिकामी आहे, खिडकीजवळची. तू खाली दारात उभा आहेस. मग मी स्वतःला विचारलं, आता कोणता? दादा, तरीही ग्लोबलच. राग पूर्ण काढून टाकला तरी तोच उरला. हे कळलं तेव्हा मी ऑफिसात होते, आणि साहेबांनी विचारलं, हसतेस कशाला?

काल बुकिंग केलं. नागपूरचं सेंटर, ७ नोव्हेंबर, ग्लोबल. पासवर्ड बदललाय, आईलाही सांगितलेला नाही. तुझं पुस्तक प्राजक्ताला दिलं. तिला इंग्लंडला जायचंय, ती इंग्लंडचा पेपर देतेय आणि तुझ्या पेन्सिलीच्या टिपा वाचून तुझं कौतुक करत असते. तुला राग येणार नाही ना?

हर्षा


नागपूर ते अमरावती, बसमधून, ७ नोव्हेंबर

दादा,

बस हलतेय, अक्षर वाच कसंही.

पास झाले. एकाहत्तर. पेपर संपला, शेवटचं बटण दाबलं आणि स्क्रीनवर तिथल्या तिथे निकाल आला. मी नाव वाचलं, आकडा वाचला, परत नाव वाचलं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा अजून लिहीत होता, म्हणून आवाज करता येईना. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले. तिथल्या मॅडम जवळ आल्या, त्यांना वाटलं मी रडतेय. रडतही होते.

प्रश्न चांगले होते. एकात माल बंदरावर पडून राहिलेला, जहाज उशिरा आलेलं. मला वाचतानाच काकांची टोपी दिसत होती.

बाहेर येऊन लॉकरमधून फोन काढला. त्यावर तुझा मिस्ड कॉल होता. नाव लिहून आलं होतं, कुलदीपदादा. मी ते इतके महिने पाहिलं नव्हतं. मग खाली अजून एक, परत तुझाच. मी लॉकरसमोरच्या बाकावर बसून राहिले.

मी उलट फोन केला नाही, रागावू नकोस. फोनवर तू बोलशील आणि मी नुसतं हो, हो म्हणेन, आपलं लहानपणापासून असंच आहे. आणि मला एक गोष्ट तुला पूर्ण सांगायची होती, मध्ये तू न बोलता. म्हणून हे पत्र. बस आता तिवशाच्या पुढे आलीय.

मी तिकडे येणार नाही, दादा. भेटायला येईन, पंधरा दिवस राहीन, तू नेशील तिथे फिरेन. पण राहायला नाही. सहदेवकाकांच्या कंपनीनं मला विचारलंय, कागद आणि हिशेब बघशील का. पगार फार नाही, ऑफिस म्हणजे सध्या पॅकिंगच्या शेडचा एक कोपरा. मी हो म्हटलंय. उरलेले पेपर इथूनच देईन. वरुडची, अचलपूरची माणसं आत्ताच विचारायला लागलीत, आमचा कागद वाचून देता का. इंग्लंडात ऑडिटवर माझी सही नसेल. ते मला माहीत आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. मी शोधून पाहिलं, कुठेच वाटत नाही.

तुला एकट्याला तिथे सोडतेय असं तेवढं वाटतं. त्याचं काय करायचं ते तू सांग.

...

पत्र संपवलं होतं, पण आता अमरावतीच्या स्टँडवर बाकावर बसून पुन्हा लिहितेय. बाबा मला घ्यायला आलेत. शेडमध्ये पहिल्या पेट्या भरायला लागल्या आहेत, ते तिकडूनच आले, अंगाला संत्र्यांचा वास. मी काही सांगायच्या आधीच चेहऱ्यावरून त्यांना निकाल कळला. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि म्हणाले, "कुलदीपचा फोन आला होता सकाळी. सारं सांगितलं त्यानं मले. त्या पासवर्डाचं."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, तू त्यांना शेवटी विचारलंस की हर्षानं कोणता पेपर घेतला. तुला पत्रातून माहीतच होतं, तरी विचारलंस. तू फोनवर त्यांचं उत्तर ऐकलंस. तेच उत्तर मला सांगताना त्यांचा चेहरा मी पाहिला, म्हणून तुला लिहून कळवतेय.

बाबा स्टँडच्या त्या गर्दीत उभे राहिले, मान थोडी वर करून, गावातल्या कोणाला तरी मोठी बातमी देतात तसे. आणि म्हणाले, "मी सांगितलं त्याले. मले इंग्रजी नाव नाई सांगता येत म्हटलं, पन इंग्लंडचा तिनं ठेवला बाजूले आन् साऱ्या जगाचा घेतला. तं हसला बावा तो. लय दिवसानं हसला."

तू हसलास हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. आता चहा आणायला गेलेत, वडेही आणतील. ते यायच्या आत मला तुझ्याशी बोलायचंय. फोन लावतेय, उचल.

हर्षा